दोऱ्या दिसल्याच पाहिजेत

१९५३ साली फिल टकर नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाला यंत्रमानव हवा होता. परग्रहावरून येऊन माणूसजातीचा फडशा पाडणारा. यंत्रमानवाचा पोशाख करून घ्यायला पैसे नव्हते. पण त्याच्या ओळखीत जॉर्ज बॅरोज म्हणून एक नट होता आणि या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. पडद्यावर गोरिला व्हायचं, हाच त्याचा धंदा. टकरने बॅरोजला गोरिलासकट बोलावलं, डोक्यावर पाणबुडे घालतात तसलं हेल्मेट चढवलं, वर अँटेना लावल्या आणि झाला यंत्रमानव. 'रोबॉट मॉन्स्टर' चार दिवसांत चित्रित झाला, खर्च सुमारे १६ हजार डॉलर. या केसाळ यंत्रमानवाच्या गुहेत एक टेबल आहे आणि टेबलावरच्या अतिप्रगत यंत्रातून साबणाचे फुगे निघत राहतात. का निघतात, ते कोणी सांगत नाही. फुग्यांच्या यंत्राला श्रेयनामावलीत मात्र मानाने जागा दिली आहे.

हा चित्रपट विनोदी म्हणून काढलेला नाही. पृथ्वीवर मोजकी माणसं उरलीत, त्यांना संपवायला आलेला गोरिला त्यातल्याच एका मुलीच्या मोहात पडतो आणि कर्तव्य की भावना म्हणून डोंगरात एकटाच तळमळत फिरतो. सगळं अगदी गंभीरपणे. आज पाहायला बसलात तर पाच मिनिटांत मुरकुंडी वळेल.

इथे एक कोडं आहे. असल्या जुन्या, स्वस्तातल्या विज्ञान-भयपटांची विडंबनं करणारे विनोदी चित्रपट पुढच्या काळात बरेच निघाले, आणि माझ्या मते त्यातले बहुतेक फसले. मुळात जे आधीच हास्यास्पद आहे, त्याची टिंगल करायची म्हणजे करायचं काय? नाक आधीच वाकडं असलेल्या माणसाचं व्यंगचित्र काढायचं तरी कसं?

ज्यांना जमलं, त्यांनी जुन्या चित्रपटांच्या चुका उचलल्या नाहीत. त्या चुकांमागचा हिशेब उचलला. म्हणून आधी तो हिशेब समजून घेऊ.

अमेरिकेत १९४०च्या दशकापर्यंत मोठ्या स्टुडिओंच्या स्वतःच्या थिएटरांच्या साखळ्या होत्या. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. एक बड्या नटांचा आणि दुसरा तासा-सव्वातासाचा, स्वस्तात उरकलेला. हा दुसरा म्हणजे 'बी' चित्रपट. १९४८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि स्टुडिओंना थिएटरं विकून टाकावी लागली. पाठोपाठ घराघरांत टीव्ही आला. स्टुडिओंनी हळूहळू बी चित्रपटांतून अंग काढून घेतलं, पण थिएटरवाल्यांना दुसरा चित्रपट लागतच होता. शिवाय गावाबाहेर ड्राइव्ह-इन थिएटरं उगवली होती, गाडीत बसल्या बसल्या चित्रपट बघायची. १९५०च्या दशकाच्या अखेरीला त्यांची संख्या चार हजारांच्या घरात गेली. तिथला मोठा गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजच्या वयाची पोरंपोरी. त्यांचं अर्धं लक्ष पडद्याकडे नसायचंच आणि निर्मात्यांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

ही मोकळी जागा भरून काढली छोट्या कंपन्यांनी. त्यातली गाजलेली म्हणजे १९५४ साली सुरू झालेली, पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने ओळखली गेलेली कंपनी. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ हे तिचे कर्तेधर्ते. त्यांची रीत उलटी होती. आधी चित्रपटाचं नाव ठरवायचं, मग पोस्टर, ते थिएटरवाल्यांना आवडलं की मग कथा लिहायला घ्यायची. आधी पत्रिका छापायच्या आणि मग मुलगी बघायला जायचं, असला प्रकार. पोस्टरवर रंगवलेला राक्षस चित्रपटात असेलच, याची खात्री नसायची. कारण तो कॅमेऱ्यासमोर उभा करायला पैसे पडतात.

विषय काय घ्यायचा, याची चिंता नव्हती. लोक खरोखरच घाबरलेले होते. अणुबॉम्ब पडून दहा वर्षंही झाली नव्हती, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या चालू होत्या, १९५७ साली रशियाचा स्पुटनिक डोक्यावरून फिरायला लागला. किरणोत्साराने मुंग्या मोठ्या होतात, कोळी मोठे होतात, खेकडे मोठे होतात, एका चित्रपटात तर बाईच पन्नास फुटांची होते.

आता खर्चाची वही उघडू. रात्रीचं चित्रीकरण महाग, जनरेटर आणि दिव्यांचा लवाजमा लागतो. म्हणून भर दुपारी भिंगावर फिल्टर लावून चित्रण करायचं आणि रात्र म्हणून खपवायचं. एड वूड या दिग्दर्शकाच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये तर एकाच प्रसंगात एका शॉटला दिवस आणि पुढच्या शॉटला रात्र. कॅमेऱ्याची जागा बदलली की दिवे हलवावे लागतात, त्यात वेळ जातो, वेळ म्हणजे पगार. म्हणून लग्नाच्या स्टेजवर फोटोला उभे राहतात तसे सगळे नट एका ओळीत उभे करायचे आणि पानभर संवाद एका दमात उरकायचे. सैन्य दाखवायचंय? लष्कराची जुनी फिल्म चिकटवा. डायनासोर हवेत? 'रोबॉट मॉन्स्टर'मध्ये ते १९४०च्या दुसऱ्याच एका चित्रपटातून आले आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, राक्षस महाग पण बडबड फुकट. म्हणून दिवाणखान्यात दोन शास्त्रज्ञ पाइप ओढत राक्षसाविषयी बोलत बसतात. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, तीन चंबू, त्यातल्या एकात रंगीत पाणी. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रंग कोणता हा प्रश्नच नाही.

जागेचंही तसंच. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये, हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या अक्षरांच्या पायथ्याला, ब्रॉन्सन कॅन्यन म्हणून एक जुनी दगडखाण आहे. खाणीत एक आरपार बोगदा राहून गेला. बोगदा कसला, चार पावलं आत गेलं की पलीकडचा उजेड दिसतो. पण कॅमेरा जरा तिरका लावला की पलीकडचं तोंड झाकतं आणि खोल, काळीकुट्ट गुहा तयार होते. स्टुडिओपासून मोटारीने थोड्याच वेळात पोचता येतं, बाजूला ओसाड कडे आहेत, म्हणजे परग्रहही तिथेच. 'रोबॉट मॉन्स्टर'ची गुहा हीच. १९५६ साली रॉजर कॉर्मन या स्वस्तातले चित्रपट झटपट काढणाऱ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात शुक्रावरून आलेला काकडीच्या आकाराचा प्राणी लपला तोही इथेच.

'प्लॅन नाइन'ची तर सगळीच कथा हिशेबाची. ड्रॅक्युला म्हणून जगाला ठाऊक असलेला बेला लुगोसी ऑगस्ट १९५६ मध्ये वारला. एड वूडकडे त्याची काही मिनिटांची फिल्म होती. तेवढ्यावर त्याने चित्रपट उभा केला आणि उरलेल्या प्रसंगांत लुगोसीच्या जागी एका कायरोप्रॅक्टरला, म्हणजे मणके-सांधे बसवून देणाऱ्या गृहस्थाला, उभं केलं. हा गृहस्थ लुगोसीहून उंच आणि चेहऱ्यानेही वेगळा, म्हणून अख्खा चित्रपट तो झग्याने तोंड झाकून फिरतो. पैसे दिले होते एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी. त्यांच्या आग्रहाखातर चित्रपटातल्या काही जणांनी बाप्तिस्माही घेतला. उडत्या तबकड्या म्हणजे जेवणाच्या बश्या, अशी दंतकथा आहे. खरं तर त्या दुकानात मिळणारी खेळण्यातली मॉडेलं होती. दोऱ्या मात्र दिसतात.

म्हणजे बघा, यातली एकही गोष्ट 'वाईट दिग्दर्शन' एवढ्या दोन शब्दांत आटपत नाही. प्रत्येक चुकीमागे कुणीतरी वाचवलेला पैसा आहे.

विडंबन मराठी वाचकाला नवं नाही. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' लिहिली ती १९२५ सालची. त्यातल्या कविता शंभर वर्षांनी वाचतानाही हसू येतं, कारण ज्या कवींची थट्टा चालली आहे त्यांची वृत्तं, त्यांचे लाडके शब्द, त्यांचे हुंदके अत्र्यांना पुरते अवगत होते. वृत्तात चूक करून त्यांनी हशा मिळवलेला नाही. वृत्त चोख आणि आत भलताच ऐवज. गोरिलाच्या डोक्यावर हेल्मेट आहे म्हणून आपण त्याला टाकाऊ समजतो, पण या चित्रपटांनाही एक वृत्त आहे. वर सांगितलेला हिशेब हेच ते वृत्त.

ते ज्याला पाठ होतं असा माणूस म्हणजे लॅरी ब्लॅमायर. त्याचा 'द लॉस्ट स्केलेटन ऑफ कॅडाव्रा' २००१ साली तयार झाला आणि थिएटरांत पोचायला २००४ उजाडलं. खर्च लाख डॉलरच्या आत. डॉ. पॉल आर्मस्ट्राँग हे शास्त्रज्ञ आणि त्यांची पत्नी बेटी एका उल्केच्या शोधात डोंगरातल्या केबिनमध्ये राहायला येतात. उल्केत अॅटमॉस्फिरियम नावाचं दुर्मीळ द्रव्य आहे. परग्रहावरून आलेल्या एका नवरा-बायकोला बिघडलेलं यान दुरुस्त करायला तेच हवंय, आणि दुष्ट डॉ. फ्लेमिंगला गुहेतला एक सांगाडा जिवंत करायला तेच हवंय. हा सांगाडा सगळ्यांना हुकूम सोडतो. फ्लेमिंग मदतीला म्हणून जंगलातल्या चार वेगवेगळ्या प्राण्यांपासून एक बाई तयार करतो. तिला जेवायला बसवलं तर तोंड थेट ताटात.

ब्लॅमायरने चित्रीकरण केलं डिजिटल व्हिडिओवर, रंगीत, आणि नंतर त्याचा रंग काढून टाकला. कुठे? ब्रॉन्सन कॅन्यनमध्येच. पार्श्वसंगीतही त्या काळातलं, साठवणीतलं. जाहिरातीत त्याने आपल्या तंत्राला 'स्केलेटोरामा' असं दणदणीत नाव दिलं. हीसुद्धा जुनी चाल. १९५९ साली विल्यम कॅसल हा निर्माता आपल्या भयपटासाठी काही थिएटरांत प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेवर प्लॅस्टिकचा सांगाडा फिरवायचा आणि त्याला 'इमर्गो' म्हणायचा. पोरं बेचकीने त्यावर नेम धरायची.

ब्लॅमायरच्या सांगाड्याला दोऱ्या आहेत आणि त्या दिसतात. पण चित्रपटातलं कोणीही दोरीकडे बघत नाही. कॅमेराही नाही. दोरी दाखवायची पण दोरीकडे बोट दाखवायचं नाही, ही तारेवरची कसरत आहे आणि बाकीच्यांचा तोल इथेच जातो.

संवादांचंही तेच. जुन्या चित्रपटांत वेळ भरून काढायला एकच गोष्ट तीनतीनदा सांगायचे. ब्लॅमायरने ती सवय अशी पिळली आहे की वाक्य स्वतःभोवती गिरक्या घेत राहतं. त्याचे संवाद इथे उतरवत नाही. त्याऐवजी आपल्या घरचा एक नमुना शिवून दाखवतो.

“अहो, हा दगड आकाशातून पडलाय का?”

“हो, विमल. मी शास्त्रज्ञ आहे, आणि शास्त्रज्ञ या नात्याने सांगतो, या दगडाला विज्ञानात महत्त्व आहे.”

“म्हणजे विज्ञानाला याचा उपयोग होईल?”

“विज्ञानाला याचा वैज्ञानिक उपयोग होईल.”

“तुम्ही शास्त्रज्ञ आहात म्हणून बरं.”

आता शेवटचं वाक्य बदलून बघा. “शास्त्रज्ञ आहात ना, मग घरचा सिलिंडर का लावता येत नाही हो?” हशा याच वाक्याला जास्त येईल, विशेषतः बायकांचा. पण चित्रपट तिथेच मेला. पहिल्या चार वाक्यांत विमलबाईंचा त्या दगडावर, नवऱ्यावर आणि विज्ञानावर पूर्ण विश्वास होता. पाचव्या वाक्यात विमलबाई गायब झाल्या आणि त्यांच्या जागी लेखक येऊन उभा राहिला. त्याला म्हणायचंय, बघा, मला कळतं हे सगळं भंपक आहे, मी शहाणा आहे. भंपक आहे हे प्रेक्षकालाही कळत होतं की. ते सांगायला लेखक पडद्यावर कशाला हवा?

नटाचा विश्वास म्हणजे काय, हे १९५७च्या 'द जायंट क्लॉ'मध्ये दिसतं. परग्रहावरून आलेला महाकाय पक्षी विमानं गिळत सुटतो. नायक जेफ मॉरो आणि इतरांनी चित्रीकरणाच्या वेळी पक्षी पाहिलाच नव्हता. रिकाम्या आभाळाकडे बघून घाबरायचं होतं, ते त्यांनी मनापासून केलं. पक्ष्याची बाहुली नंतर मेक्सिकोत स्वस्तात बनवून घेतली. लांबलचक मान, टपोरे डोळे, डोक्यावर विस्कटलेली शेंडी, एकूण अवतार पिसं उपटलेल्या गिधाडाचा. मॉरोने तो पहिल्यांदा पाहिला थेट आपल्या गावच्या थिएटरात. पक्षी पडद्यावर आला की लोक हसायला लागायचे. कोणी ओळखू नये म्हणून हा बिचारा मध्येच उठून घरी गेला.

सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने १९६४ साली 'कॅम्प' नावाच्या अभिरुचीवर निबंध लिहिला. कॅम्प म्हणजे भडक आणि अतिरेकी गोष्टीतला असा आनंद, की ती फसलेली असते पण फसताना जीव ओतून फसलेली असते. तिचं म्हणणं असं की अस्सल कॅम्प निरागस असतो, कारण करणारा गंभीर असतो. जाणूनबुजून केलेल्याची गोडी त्या मानाने कमी. मला ते पटतं, पण पूर्ण नाही. जाणूनबुजून करणाऱ्यालाही गंभीर होता येतं, फक्त त्याला ते तालमीने कमवावं लागतं. ब्लॅमायरचे नट मॉरोसारखेच रिकाम्या हवेकडे बघून घाबरतात. त्यांना फक्त पक्षी आधी दाखवलेला असतो.

टिंगल बाहेरच्यांनीच केली असंही नाही. कॉर्मनने १९६० साली 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' काढला, त्यात माणसं खाणारं झाड आहे. मुख्य चित्रण दोन दिवसांत, दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेल्या सेटवर. तो चित्रपट उघड विनोदी आहे. म्हणजे या धंद्यातल्या लोकांना आपण काय करतोय ते चांगलं माहीत होतं.

दुसरा रस्ता दणकेबाज विडंबनाचा. जॉन डी बेलोचा 'अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज' हा १९७८चा, टोमॅटो माणसांवर हल्ला करतात. तो सलग चांगला नाही, हे आधीच सांगतो. पण त्यात एक प्रसंग आहे. देशावरचं संकट निवारायला बडे अधिकारी बैठकीला जमतात आणि खोली इतकी लहान की टेबलावरून रांगत जाऊन खुर्ची गाठावी लागते. कोणी तक्रार करत नाही, एकमेकांच्या अंगावरून ओलांडत नीट नमस्कार-चमत्कार चालतात. छोटा सेट ही जुन्या चित्रपटांची मजबुरी, इथे तीच विनोदाचं हाड झाली. एक जपानी शास्त्रज्ञ आहे, त्याचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. जपानी राक्षसपट अमेरिकेत डब होऊन यायचे, त्यांची ही आठवण. आणि चित्रीकरणात एक हेलिकॉप्टर खरोखर कोसळलं. वैमानिक वाचला, कॅमेरा चालू होता, तो अपघात त्यांनी चित्रपटात ठेवून दिला. स्वस्त चित्रपटातला सगळ्यात महागडा शॉट, तोही चुकून मिळालेला.

टोमॅटो मरतात कशाने? 'प्युबर्टी लव्ह' नावाच्या एका भयाण गाण्याने. १९९६ साली टिम बर्टनने 'मार्स अटॅक्स!' काढला, त्यातले मंगळवासीही स्लिम व्हिटमन या अमेरिकन गायकाच्या यॉडलिंगने, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांत झटकन उड्या मारत गायच्या पद्धतीने, डोकी फुटून मरतात. गाणंच का? जुन्या चित्रपटांत शेवट स्वस्त लागायचा. साऱ्या शस्त्रांना पुरून उरलेला राक्षस शेवटी घरातल्या एखाद्या साध्या वस्तूला शरण जायचा. १९५८च्या 'द ब्लॉब'मधला लिबलिबीत गोळा आग विझवायच्या सिलिंडरांनी गारठतो, आणखी एका चित्रपटातल्या माणूसखाऊ वनस्पती समुद्राच्या पाण्याने विरघळतात. ही युक्ती एक पाऊल पुढे नेली की गाणं येतं.

'मार्स अटॅक्स!'ला सुमारे ७ कोटी डॉलर लागले. मंगळवासी आधी बाहुल्या एकेक फ्रेम हलवून करायचे होते, ते महाग आणि वेळखाऊ पडतंय म्हणून संगणकावर केले, आणि मग संगणकाला बाहुलीसारखं अडखळायला लावलं. मला तो आवडतो, पण मधूनमधून पैसा दिसतो. ज्याला काहीही परवडतं त्याच्या गोरिलावरच्या हेल्मेटला अर्थ राहत नाही. २०१३च्या 'शार्कनेडो'चं दुखणं याच्या उलट. स्वस्त आहे, पण आपण वाईट आहोत याचा त्याला इतका अभिमान की बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. त्यापेक्षा १९८८ साली मिनिआपोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर सुरू झालेला 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' बरा. तिथे मूळ चित्रपटच लावतात आणि पडद्याच्या तळाशी एक माणूस व दोन रोबॉट बसून शेरे मारतात, गणपतीत गल्लीत पडदा बांधून चित्रपट लागायचा तेव्हा मागच्या रांगेतून यायचे तसे.

बघायचंच असेल तर थेट विडंबनापासून सुरुवात करू नका. आधी 'प्लॅन नाइन' किंवा 'रोबॉट मॉन्स्टर' पूर्ण बघा, कंटाळा आला तरी पूर्ण. कंटाळाही त्या वृत्ताचाच भाग आहे. मग 'लॉस्ट स्केलेटन' लावा.

आमच्याकडे या नादात एक खेळ सुरू झालाय. कुठल्याही चित्रपटात ब्रॉन्सनची गुहा दिसली की हात वर करायचा. परवा भाचीला १९६६ची बॅटमॅनची मालिका लावून दिली. बॅटमॅन आणि रॉबिन टुणकन गाडीत बसले, गुप्त तळातून गाडी सुसाट बाहेर आली. तिने हात वर केला आणि ओरडली, “मामा, हा तर गोरिलाच्या घरातून निघाला!”